शब्दसूची

लीड्सहून पत्र आलं. कविता छापतो आहोत,
फक्त मागे एक शब्दसूची जोडा,
चाळीसेक शब्दांची, वाचकांच्या सोयीसाठी.
खाली मिस्टर ऑलर्टन यांची सही,
निळी, नम्र, किंचित उजवीकडे कललेली.

तांत फेलिसिते, माझी मावशी, दारात दशीन सोलत होती.
(दशीन: एक कंद. कच्चा राहिला तर घसा खाजतो.
यादीत सातवा.)
तिने विचारलं, त्यांच्या पुस्तकांत मागे
आपल्यासाठी असतं का असं काही?

मला पाचवीतला धडा आठवला: हेजमध्ये बसलेला बेडूक.
हेज म्हणजे काय, मिस सिल्व्हेस्टरलाही ठाऊक नव्हतं.
तिने हिरव्या खडूने फळ्यावर एक आडवी रेघ मारली
आणि म्हणाली, हे. पाठ करा.
वर्षभर मी समजत होते
इंग्लंडात जमिनीवर हिरव्या रेघा असतात
आणि रेघांच्या आत बेडूक.

नसतं, तांत, म्हटलं.
तिने साल टोपलीत टाकलं. काही बोलली नाही.
ती गप्प बसते तेही क्वेयोलमध्ये. मला कळतं.

वादळात गेलेली वीज अजून आली नव्हती.
दिव्याशी बसून लिहीत गेले,
डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ,
दुकानदाराच्या वहीत नाव आणि उधारी असते तसं.
कोण कोणाचं देणं लागतं, ते मात्र त्यात दिसत नाही.

के या अक्षरापाशी अडले.
क्रापो.
बेडूक, लिहिलं. खोडलं.
डोंगरातला, दोन्ही तळव्यांत न मावणारा,
रविवारच्या रश्श्यातला. खोडलं.
पूर्वी आढळणारा, लिहिलं,
आणि पेन खाली ठेवलं.

लहानपणी रात्री दरी त्यांच्या आवाजाने भरून जायची.
मग कसलीशी बुरशी आली, कातडीला लागणारी,
आणि दोनेक वर्षांत दरी मुकी.
आता शब्द आहे, बेडूक नाही.
घर रिकामं, पत्ता शाबूत.

तांत, क्रापो म्हणजे काय सांगू त्यांना?
तिने सुरी थांबवली, हनुवटी उचलली
आणि गळ्यातून तो आवाज काढला,
एकच, वर चढत जाणारा.
केळीपलीकडचा कुत्रा भुंकायचा थांबला.
आम्ही दोघी थोडा वेळ कान देऊन राहिलो.
कुणी ओ दिली नाही.

सव्वीस अक्षरं हाताशी, एकातही तो बसेना.
उजवीकडची जागा कोरी ठेवून पाठवलं.
समासात लिहिलं: ही कृपया अशीच राहू द्यावी.

पुस्तक ऑगस्टात आलं. जाड कागद,
कण्यावर इग्नेशिया जर्व्हे, स्पेलिंगही बरोबर.
आधी मागचं पान उघडलं.
कोरी जागा कुणीतरी नीटनेटकी मिटवून टाकली होती
आणि तिथून खालचा एकेक अर्थ
एक ओळ वर सरकला होता.

क्रापो: समुद्र
लान्मे: पाऊस
लापली: आई
मान्मां: पाव
पें: चांदणी
झेत्वाल:

ऑलर्टन यांचं माफीपत्र आलं.
दुसरी आवृत्ती निघालीच तर सुधारू, म्हणाले.

तांतला सगळी सूची वाचून दाखवली, चुकांसकट.
चर्चमध्ये संतांची नावं ऐकावीत तशी ती ऐकत होती.
मान्मां: पाव, याला तिने मान हलवली.
क्रापो: समुद्र?
असेल, म्हणाली. नदीनेच गेले असतील खाली.
आणि शेवटच्यापुढे काहीच नाही ठेवलं?
नाही, म्हटलं.
ती गुडघ्यावर हात देत उठली,
दार ढकलून बाहेर बघून आली.
आहेत, म्हणाली. लिही त्यांना,
आहेत म्हणावं अजून.