मसुद्यावर एक हरकत

महोदय,
तुमचा मसुदा वाचला. म्हणजे
नातीनं मोबाईलवर वाचून दाखवला,
मी पुठ्ठ्याला भोकं पाडत ऐकला.
एकोणचाळीस वर्षं हेच करतो, अशोक चौकाच्या मागं,
जेकार्डचे पुठ्ठे. चादरीवर मोर यायचा असेल
तर तो आधी माझ्या हातून भोकं होऊन जातो.

"प्रत्येक कुटुंबाला एक कार्ड," ती म्हणाली.
मी हात थांबवला. कार्डाचं मला कळतं.

पान चौदा: रुग्ण चोवीस तास भरती असला पाहिजे.
राजमणी उंबऱ्याशी विड्या वळत होती,
मांडीवर सूप, आणि मधूनमधून तो खोकला
जो कुठंच भरती होत नाही.
रात्री दोन उशा लावून बसूनच झोपते.
नात यादी धुंडाळत राहिली.
हृदयाची झडप आहे, गुडघे आहेत, दोन्ही.
साठ रुपयांचं पातळ औषध नाही.
बुडालेला दिवस तर कुणाच्याच यादीत नसतो.

पान एकवीस: अंगठ्याचा ठसा जुळला पाहिजे.
तिनं अंगठा उजेडात धरला.
पानं दुमडून दुमडून रेघा कधीच गेल्यात,
रेशनच्या दुकानातलं मशीन तिला दर महिन्याला
तीनतीनदा विचारतं, तू कोण?
"एट्ला?" एवढंच म्हणाली ती.

वाईटच आहे असं म्हणत नाही.
शेजारच्या इरेशमचा बायपास अशाच कार्डावर झाला,
हेही लिहून घ्या.
नंतरच्या गोळ्या तो एक दिवसाआड घेतो,
पुरवून पुरवून, गुळासारख्या.

माझी सूचना कारागिराची आहे.
पुठ्ठ्यावर जिथं भोक नाही
तिथला धागा उचलला जात नाही.
तो असतो, ताण सोसतो,
नक्षीत मात्र येत नाही.
मग मागावर ओरडून उपयोग नसतो,
पुठ्ठाच खाली उतरवावा लागतो.
आम्ही नमुना आधी हातभर विणतो,
उलटा करून पाठ बघतो.
तुम्ही पाठ बघितली का?

मुदत तीस तारखेची आहे म्हणे.
मी बोलतोय, मोबाईल आपोआप लिहून घेतोय.
मध्येच राजमणी खोकली, बराच वेळ.
तेवढ्यापुरतं काहीच उमटलं नाही,
नुसती जागा सुटली.
नात ती पुसायला गेली.
म्हटलं, राहू दे.