फट

मंगळवारी संध्याकाळी सहाला, रोकरमध्ये,
लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
ताझुको रॉबसन बाईंच्या स्वयंपाकघरात
मी एक बोल्ट सैल असल्याचं कळवते.
बोरुतो गा युरुंदे इमासु.
बाई मान डोलावतात. छान. आता लाइन थांबवा.
मी लाइन थांबवते.

तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात
त्यांनी सँडरलंडच्या पोरांना जपानी शिकवलं
आणि जपानी साहेबांना सँडरलंडची बोली.
अजून त्यांच्या वाक्यांना जरासं ग्रीस लागलेलं असतं.
ऑक्टोबरात मी क्योतोपलीकडच्या एका गावी
शाकुहाची शिकायला जाणार,
आणि मला अजून ‘श्वास पुरत नाही’ म्हणता येत नाही.
जबाबदार कोण, हे मात्र विचारता येतं.

विचारणं सोपंच आहे म्हणा.
वाक्याच्या शेपटीला ‘का’ लावायचा.
येता का, जेवलात का, रागावलात का,
मिरजेत जन्मभर दुसरं काय केलं?
आपल्या ‘ना’च्या जागी त्यांचा ‘ने’.
आणि क्रियापद शेवटी,
सगळ्यांचं आटोपल्यावर सावकाश पानावर बसणारं.
शेजारचा क्रेग घामाघूम होतो:
शेवटपर्यंत कळणारच नाही, माणूस गेला की नाही?
मी म्हणते, अरे, आमच्याकडेही
माणूस चांगला बाहेर पडतो,
आणि मागून एवढासा ‘नाही’ येऊन
त्याला दारातून परत आणतो.

सुरांची अक्षरं निराळी.
रो, त्सु, रे, ची, री,
पानावर वरून खाली, जिना उतरावा तशी.
रो म्हणजे नुसता चौकोन.
सगळी भोकं झाकायची अन् फुंकायचं.
पहिले तीन महिने माझ्या चौकोनातून
फक्त वारा आला.

दिवसा मी लोकांचे कान तपासते.
जाड भिंतींची खोली, हेडफोन,
ऐकू आलं की बटण दाबा.
गोदीत जहाजांना रिव्हेट ठोकून ठोकून
नॉर्मन पर्व्हिस यांचे वरचे सूर कधीच गेले:
चिमण्या गेल्या, किटलीची शिटी गेली,
नातीच्या बोलण्यातला ‘स’ गेला.
एकदा ते तासभर आधीच आले
आणि मी सापडले त्या खोलीत, बासरी ओठाला.
थांबू नका, म्हणाले.
मी रो लावला.
ते डोळे मिटून बसले, आणि त्यांचा अंगठा
हातात नसलेलं बटण दाबत राहिला.
“धुक्यातला भोंगा,” म्हणाले. “बंद केला होता ना तो?”

मे महिन्यात बाईंनी शब्द दिला: सुकिमा.
फट. गाडीचं दार आणि चौकट यांच्यामधली.
साडेतीन मिलिमीटर चालते,
चार झाली की गाडी मागे.
लिहून दाखवला, दोन अक्षरी.
दुसऱ्या अक्षरात दोन झडपांचं दार
आणि मधून डोकावणारा सूर्य.

हे मला येतं, मी म्हटलं.
माझ्या वहीत दोन सुरांच्या मध्ये हेच असतं.
तिथे ते एकटं येतं, त्याला ‘मा’ म्हणतात,
आणि ते मिलिमीटरमध्ये
मोजत नाहीत.

बाईंनी चष्मा काढला.
खाली कुणाचं तरी धुणं गरगरायचं थांबलं.
“तीस वर्षं,” त्या इथल्या हेलात म्हणाल्या,
“मी पोरांना ही बुजवायला शिकवलं.”
मग चहा गाळला. कपाचा कान माझ्याकडे वळवला.
वाजवतात कशी ती?

जपानीत सांगता येईना.
मराठीतही येईना.
बासरी पिशवीत होती, पायाशी. मी ती काढली नाही.

बरं, बाई म्हणाल्या, पान एकेचाळीस, बोल्टांचे प्रकार.
पण पान कुणीच उलटलं नाही.
क्रेगसुद्धा गप्प.