तपासणी

मानेवाड्यातली ही खोली आधी किराण्याचं दुकान होती.
एप्रिलात घेतली भाड्यानं, तीन दिवस नुसती धुतली,
तरी हिंगाचा वास भिंतीतून निघेना.
उईकेबाई म्हणाल्या, राहू द्या थोडासा,
फिनाईलपेक्षा बरा.

बुटीबोरीच्या गिरणीत सोळा वर्षं
मी सूत तपासलं.
धाग्यातली गाठ आधी बोटाला कळते,
डोळ्याला मागाहून.
म्हणून वही बाजूला ठेवली
आणि खोलीभर रांगले.

गुडघ्यांवरून खोली वेगळीच असते.
फळीखाली उलटा निघालेला खिळा,
प्लगची भोकं थेट नाकासमोर,
कुलरची वायर, 'ओढ मला' म्हणणारी,
दाराची फट, करंगळीच्याच मापाची.
खिळा ठोकला. भोकं झाकली.
फटीला रबर.
कुलर गेला खिडकीबाहेर, लोखंडी चौकटीवर.
दुपारी दोनला पत्रा असा तापतो
की चप्पलही बाहेर विसरायची सोय नाही.

उईकेबाई सतरंजीवर पाठ टेकून निजल्या,
पाच मिनिटं हलल्याच नाहीत.
मला वाटलं, ऊन लागलं.
"वरतं काहीच नाही ना ताई," त्या म्हणाल्या,
"नुस्ता पंखा.
तीन महिन्याचं लेकरू दिवसभर पाहीन काय?"

मग रात्री जागून कागदाचे मासे कापले,
काळे-पांढरे, हात पोचणार नाही असे उंच.
जमिनीलगत न फुटणारा आरसा.
डब्यात चिंध्या : मलमल, गोणपाट, मखमल,
आणि माझ्या गिरणीच्या युनिफॉर्मचा खिसा,
हात घालून बघायला.

सोमवारी रुंजी आली, आठ महिन्यांची.
आई मेट्रोच्या तिकीट खिडकीवर,
सकाळची पाळी, मागे वळून न बघता गेली,
कोपऱ्यावर मात्र थांबलेली दिसली.

रुंजीनं मासे पाहिले नाहीत,
आरसा नाही, खिसा नाही.
सरळ रांगत गेली उंबऱ्याशी,
आणि मूठ आवळून बसली.

एकेक बोट उलगडलं.
तुरीचा दाणा.
फरशीच्या कडेत दडून राहिलेला,
दुकानाच्या वेळचा.
तोंडापासून वीतभर अंतरावर.

माझे हात गार पडले त्या उन्हात.
उईकेबाईंनी रुंजीला कडेवर घेतलं,
काही बोलल्या नाहीत.
मी पदर खोचला, पुन्हा गुडघ्यांवर.

दाणा वहीत चिकटवलाय टेपनं.
खाली तारीख,
आणि तपासणाऱ्याचं नाव : रुंजी.