हिरवा बर्फ

माघात गच्चीवरच्या कुंड्यांत कोथिंबीर मावेना.
शेजारी वाटून झाली, तरी उरलीच.
धुतली, पंच्यावर पसरली, बारीक चिरली,
ट्रेच्या खणाखणांत चिमूट चिमूट, वर पाणी.
पुदिन्याला वेगळा ट्रे.

वैशाखात लक्ष्मीपुरीत जुडी चाळीसला गेली
तेव्हा मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

रविवारी तांबडा रस्सा उकळत ठेवून फ्रीज उघडला,
तर पुदिनाच तेवढा शिल्लक.

उदाजी गंगावेशीच्या तालमीतून लंगडत आलेला.
गुडघ्यावर फडकं,
फडक्यात माझा अख्खा माघ.
“मामी, ह्यो बर्फ हिरवा कसा वं?”

काय सांगायचं!
सांजेपर्यंत सूज उतरली.
रस्सा तसाच वाढला,
आणि ओरपताना सगळ्यांना
कोथिंबिरीचा वास येत राहिला,
पाटाखालून.