चौथी तबकडी

पहाटे तीनला सोयाबीन दळायला टाकून मी ती लावली.
मुरोरानमध्ये या वेळी जागे असतात
पोलाद कारखान्याची भट्टी, आणि मी.

वेष्टनाच्या कडेला कागदी पट्टी,
तिच्यावर चार नावं. तिसरं गेन्याचं,
माझ्या धाकट्या भावाचं. आडनाव त्यानं गाळलंय.
दुकानाच्या पाटीवर आहे, तिथे पुरे.

'आकासाबी'ची पहिली तबकडी मी ऐकली होती,
म्हणजे सोसली होती.
चाळीस मिनिटं नुसती घाई;
ड्रम गिटारच्या मागे, गिटार कुणाच्या मागे, देव जाणे.
"कसली रे ही आदळआपट?"
"दादा, तुला टोफूशिवाय कळतं काय?"
खरं होतं. अजूनही आहे.
दुसरी त्याहून कानठळ्या बसवणारी. तिसरी
मी पैसे मोजून घेतली आणि उघडलीच नाही.

मग त्यांच्या गाणाऱ्या ओकित्सुचा गळा गेला.
आवाज राहिला, किंकाळी गेली.
तोक्योच्या कंपनीनं फोन उचलणं सोडलं.
मासळीच्या रिकाम्या शीतगृहात
दोन हिवाळे वाजवत बसले चौघं,
हातमोज्यांची बोटं कापून.

सुई टेकली. खरखर.
मग एकच सूर, उतरवलेल्या तारेचा,
जाड, काळा, सावकाश,
धुक्यात जहाज धक्क्याला लागावं तसा.
मी पुढच्याची वाट पाहिली.
आला नाही.
दळणयंत्र बंद केलं.
आला नाही.
दुधाचा फेस कढईच्या काठाशी आला, मी तसाच उभा,
आणि तेव्हा पडला ड्रमवरचा घाव,
मी वाकलो नेमका त्या क्षणी.

ओकित्सु आता गातो की बोलतो, सांगता येत नाही.
एका कडव्यात तो नुसते बसचे थांबे म्हणतो,
शाळेपासून बंदरापर्यंतचे, ओळीनं.
एक वगळतो. तिथे गेन्याची गिटार.
वगळलेला थांबा आमच्या दुकानासमोरचा.

मिठागराचं कडू पाणी घालायची वेळ झाली.
वडील सांगत: घातलंस की एकदाच ढवळ,
मग हात मागे घे. दूध काय करायचं ते करील.
मला वाटायचं, हे त्यांनी फक्त मला सांगितलं.
गेन्या तेव्हा मागच्या खोलीत तारा जुळवत असायचा.
दार उघडं असायचं.

साडेसहाला निशिगोरीबाई पातेलं घेऊन दारात.
"आज उशीर?"
"हो. गेन्या आला होता."
त्यांनी आत डोकावून पाहिलं.
मी टोफू कापायला घेतला, जरा घट्टच झालाय आज.
दुसरी बाजू अजून ऐकायची आहे.