पहिल्या रीस्टार्टआधी

जुनी डिस्क गुरुवारी गेली.
आधी खरखर, मग टकटक, मग नुसती ऊब.
कोव्हिल्यांमधल्या गिरणीत, कार्पिंतेइरा ओढ्याच्या वरच्या अंगाला,
विणयंत्र पोलादी जबडा मिटून उभं.
त्याला फक्त एका संगणकाची भाषा कळते
आणि त्या संगणकाला एकाच प्रणालीची.
"नवीन घाला काहीतरी," म्हणाला मालकाचा जावई,
मग नव्या यंत्राची किंमत ऐकून जेवायला निघून गेला.

ग्वार्दाच्या दुकानातली सगळ्यात लहान डिस्क
एकशेवीस जीबीची निघाली. नाकापेक्षा मोती जड.
हा बोर्ड जन्मला तेव्हा एवढे आकडे
त्याला कुणी शिकवलेच नव्हते.
म्हणून आधी डिस्कलाच पढवलं:
कुणी विचारलं तर दोनच सांग,
बाकीचं पोटात ठेव.

मग माझ्या लॅपटॉपच्या आत
एक खोटा संगणक मांडला.
मंद प्रोसेसर, चिमूटभर मेमरी,
नसलेल्या फ्लॉपीला नसलेली फट.
साल पंच्याण्णव.
माझ्या आईबापांची तेव्हा ओळखही नव्हती.
"चौथी फ्लॉपी घाला," पडद्यावर आलं
आणि अदेलिनु उठून कपाटाकडे निघालेसुद्धा.
बसा हो, म्हटलं, फ्लॉप्यांच्या आता फाइली झाल्यात,
मी नुसती टिचकी मारते.
बसले. पाचवीला पुन्हा उठले.
सहावीपासून डबा मांडीवर घेऊनच बसले.

प्रॉडक्ट की कपाटाच्या दाराला, आतून, पेन्सिलीने,
झुल्मिराच्या अक्षरात. ती नमुने काढायची. आता नाही.
हा एक की सात?
"सातला ती मधे आडवी काट मारायची,
आणि इथे काट नाही."
एक.
पट्टी सरकायला लागली.

कॉपी पूर्ण.
संगणक पुन्हा सुरू होईल, पंधरा सेकंद, चौदा, तेरा,
मी बंद केला. सरळ गळाच दाबला.
अदेलिनुंच्या तोंडून आईबहिणीवरून काहीतरी निसटलं.

कसं सांगू त्यांना.
आता पुढच्या खेपेला हा डोळे उघडेल
तेव्हा पहिल्यांदा आजूबाजूला बघेल:
कुठलं कार्ड, कुठलं पोर्ट, कोण कोण आहे घरात.
जे दिसेल त्यालाच आपलं म्हणेल.
इथे उघडले
तर माझ्या या खोट्या घराचाच होऊन बसेल,
आणि खऱ्या घरी गेल्यावर
कुणालाच ओळख देणार नाही.
न्यायचा तो झोपेतच.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, लावलं.
"डोंगरावर असताना, मेंढीचं कोकरू मेलं की
माझा बाप त्याचं कातडं सोलून
पोरक्या पिल्लाच्या पाठीवर बांधायचा.
मेंढी हुंगायची. वास पटला तर पाजायची.
नाही पटला तर लाथ."

थोडं उलटं आहे, म्हटलं, पण हो.

चपटी केबल. दोन स्क्रू, त्यातला एक हरवलेला.
बटण दाबलं तसा पंख्याने लोकरीचा धुरळा ओकला.
निळं आकाश, ढग,
मग नवीन हार्डवेअर सापडलं, नवीन हार्डवेअर सापडलं,
तीस वर्षं तिथेच असलेलं सगळं
एकेक करून नवीन म्हणून सापडत राहिलं.
तारीख: एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी.
दुरुस्त करायला गेले तर अदेलिनु म्हणाले,
"राहू दे की थोडा वेळ. तेव्हा माझे गुडघे धड होते."

झुल्मिराचा एक नमुना चढवला.
जबडा उघडला. सुया गेल्या, आल्या, गेल्या.
वीतभर पट्टी उतरली ती त्यांनी खिडकीकडे धरली
आणि डावीकडून अकराव्या सुईपाशी
त्यांचं नख थांबलं.
टाका गळालेला.

मी पाना शोधायला लागले.
"नको, नको," म्हणाले, "ती गाळतेच."
मग तीच मघाची शिवी,
या वेळी यंत्राला,
अगदी हळू आवाजात.