आचारसंहिता

निवडणूक लागली की आमच्या घरात
पंचेचाळीस दिवस शांतता असायची.
बाबा ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून
एसटीने देवगडच्या ठाण्यात जमा करून यायचे.
पावती आये रेशनकार्डाच्या घडीत ठेवायची,
मधूनच काढून बघायची.

परवान्यावर लिहिलेलं : शेतीसंरक्षणार्थ.
वानर कलमांवर उतरत, डुकरं सुरण उकरत,
बंदूक त्यांच्यासाठी.
मी सातवीत जाईपर्यंत एकही डुक्कर पडलेला पाहिला नाही.
बंदूक मात्र रोज पाहिली,
मधल्या खोलीत, दोन खुंट्यांवर,
कॅलेंडरच्या वर.

आयेला मारायचे ते हातानेच,
नाहीतर पायताणाने, एकदा पोफळीच्या विरीने.
बंदूक तिच्यावर कधी उगारली नाही.
मारून झालं की फक्त खाली काढायचे
आणि पडवीत बसून खोबरेलाच्या चिंधीने पुसायचे,
तान्ह्या पोराला चोळावं तशी, सावकाश.
आम्ही तिघं आत भात गिळायचो.

लवू नऊ वर्षांचा. सातचा पाढा येत नव्हता.
पण दारू किती चिमटी, वर काथ्या किती,
छर्रे किती, गजाचे ठोके किती,
हे सगळं त्याला यायचं.
कुणी शिकवलं नव्हतं.
बघायला परवाना लागत नाही.

केपांची डबी, तपकिरीच्या डबीएवढी,
तांदळाच्या कणगीमागे असायची.
शिमग्याच्या आदल्या दिवशी मी ती खाडीत टाकली.
का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
भरती होती. डबी लगेच बुडेना,
जेटीच्या कडेकडेने तरंगत राहिली.
मी दगड मारमारून बुडवली.

दुसऱ्या रात्री रोंबाट पुढच्या वाडीत गेलं
आणि बाबांनी आयेला केसांना धरून विहिरीपर्यंत नेलं.
परतले तेव्हा दारात लवू.
दस्ता पोटाशी दाबलेला,
नळी त्याच्याहून लांब, थरथरणारी.

टक्.

पाल चुकचुकते त्याहून बारीक आवाज.
केप नव्हती.
त्याला ते ठाऊक होतं का,
तीस वर्षांत मी विचारलेलं नाही.

बाबा हसले. खरंच हसले.
"वाघ माझो!" म्हणत त्याला खांद्यावर घेतलं,
शेजारच्या घाडीमामांना हाका मारून सांगितलं.
आये ओल्या लुगड्यानिशी आली,
लवूला खाली ओढून थोबाडीत मारली,
आयुष्यातली पहिली,
आणि तिथेच मटकन बसली.
माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

आठवड्यात नव्या केपा आल्या.
डबी आता माळ्यावर गेली.
शिडी होती तिथेच राहिली.

बाजारात हवालदार पेडणेकर भेटले की विचारायचे,
"काय वहिनी, बरा मां?"
आये विचारायची,
"सायबानू, निवडणूक परत कधी लागतली?"
त्यांना वाटायचं, बाईला राजकारणाची आवड आहे.

बाबा गेले. परवाना वारसाने लवूच्या नावावर झाला.
लवू कुणाला मारत नाही.
मी विचारलंय त्याच्या बायकोला, एकटीला, दोनदा.
दोन्ही वेळा ती अंगणात कोकमं पसरत होती
आणि दोन्ही वेळा तिने फार लवकर नाही म्हटलं.

यंदा गणपतीला गेले.
आरती झाली, वीज गेलेली.
विराज, सहा वर्षांचा, मांडीवर चढला,
कानाला तोंड लावून म्हणाला,
"आत्ये, डबी खंय हा, माका म्हायत आसा."
म्हटलं, दाखव.

त्याने बोट नाही दाखवलं. माझा हात धरला
आणि त्या काळोखात
कशालाही न अडखळता
चालायला लागला.

मी मागोमाग,
आज तिथी कुठली, भरती किती वाजता,
मनातल्या मनात मोजत.